अलंकार ओळखा

दहावीच्या वर्गाला अलंकार शिकवतो मी, बावीस वर्षं.
देवगड बंदरावर मासे विकून
आक्कानं मला शिकवलं,
त्यातलं हे उरलेलं.

एकदा मागच्या दारी तांबोशी साफ करताना
तिनं विचारलं होतं, "अलंकार म्हणजे दागिने मा?"
म्हटलं, हो, पण भाषेचे.
खवले उडवत म्हणाली,
"भाशेक कित्याक व्हये दागिने?
ती खंय लग्नाक जाता?"

बुधवारी रात्री आक्का गेली.
'गेली' हासुद्धा अलंकारच,
पण जिभेवर इतका झिजलाय
की फळ्यावर दाखवता येत नाही.

बायका जमल्या. कुणी म्हणालं, "झोपल्यागत दिसता."
माझ्यातल्या मास्तरानं तिथंही, त्या उदबत्तीच्या धुरात,
उपमेय शोधलं, उपमान शोधलं
आणि लाल शाईनं काट मारली.
आक्का अशी झोपत नसे.
तोंड उघडं, एक पाय भिंतीला टेकलेला,
साडेतीनला उठायचं म्हणून
अर्धा कान बंदराकडे.

मग म्हणाल्या, सोनं उतरवा.
सोनं म्हणजे दोन कुड्या.
डावी निघाली.
उजवीची फिरकी मिठानं धरलेली,
चाळीस वर्षं ओल्या हातांनी चाचपलेली.
हेमलता कोयंडेनं खोबरेल लावलं, मग साबण,
मग कानाशी वाकून,
लिलावात शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली,
"सोड गो बाय. सोड आता."

सुटली.
पाळीत लांबट भोक राहिलं, तांदळाच्या दाण्याएवढं.
त्या रात्रीचा तिचा चेहरा पुसट होत चाललाय.
भोक नाही.

समुद्र रडला नाही. मी सकाळी पाहून आलो.
ओहोटी होती. टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या,
त्यातली एक नेहमीसारखी बंद.
बांगड्याचा भाव उतरला होता
आणि त्यावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं.
फक्त बायकांच्या रांगेत
एक टोपली मावेल एवढी फट,
आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी
कोपरं अंगाशी धरून बसलेल्या.
याला काय म्हणतात ते पुस्तकात शोधलं.
अनुक्रमणिकेत नव्हतं.

तेराव्याच्या आधी मीही एक कविता करून पाहिली.
पहिल्या कडव्यात तिला दीपगृह केलं,
दुसऱ्यात होडी,
तिसऱ्यात ती क्षितिजापार निघाली
(आयुष्यात कणकवलीच्या पलीकडं न गेलेली बाई).
रात्री वाचली, तर आक्का त्यात कुठंच नव्हती,
नुसता दागिन्यांचा डबा वाजत होता.
बघा, हेही रूपकच.
माझीही फिरकी सुटत नाही.

घटक चाचणी आली. प्रश्नपत्रिकेत
एक ओळ माझी घातली:
'गुरुवारी पहाटे साडेतीनला
तिच्या घरात दिवा लागला नाही.'
अलंकार ओळखा. गुण एक.

कुणी चेतनगुणोक्ती लिहिलं, बऱ्याच जणांनी रूपक,
एकानं श्लेष, बहुतेक शेजारचं बघून.
शेवटच्या बाकावरची प्राची जुवाटकर,
जिचा बाप दोन वर्षांमागं बोटीसकट परतला नाही,
तिनं लिहिलं होतं:
अलंकार नाही.
आणि खाली, समासात, पेन्सिलीनं, खोडता येईल इतकं फिकट:
आमच्याकडे आई अजून लावते.

एकाच गुणाचा प्रश्न होता.
तेवढाच देता आला.